तिसरी पुडी

रॉकेलच्या रांगेत, चारचौघांदेखत, शिवणवालीनं बाईंचा हात धरला आणि काही कळायच्या आत तो आपल्या ओल्या गालावर दाबला. "तुम्ही काही बोलू नका, बाई," ती कानाशी पुटपुटली, "बोलायची गोष्टच नाही ही. पण मला कळायचं ते कळलंय. माझ्या पोराला तुम्ही ठेवून घेतलंत. मरेपर्यंत विसरायची नाही मी." सुया टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती आणि ती बाईंच्या मनगटाला टोचत होती. बाईंनी हात हिसकून घेतला, इतक्या जोरात की पुढचा म्हातारा डबा सावरत मागं वळून बघायला लागला. "तुमचा मुलगा नापास झाला, कारण त्याला पुडीतला क्षार ओळखता आला नाही," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणत तशा, शब्द सुटे सुटे करून. "माझा त्यात काही संबंध नाही." शिवणवाली हसली. डोळे पुसत, मान हलवत, दोघींचं काही ठरलेलंच आहे अशा थाटात हसली, आणि त्या हसण्यानं बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर जवळ आलेला असताना त्या रिकामा डबा घेऊन रांगेतून बाहेर पडल्या आणि शाळेच्या रस्त्याला लागल्या.

रस्त्यावर युद्धाचं तिसरं वर्ष होतं. म्हणजे रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतंच. दुकानांच्या काचांवर कागदी पट्ट्यांच्या फुल्या, त्याही आता पिवळ्या पडून कडांनी सुटलेल्या. वाळूच्या पोत्यांवर मांजरं झोपलेली. कोपऱ्यावरच्या खांबाला कर्णा, आणि त्यातून उठता बसता तोच एक खणखणीत आवाज. तो माणूस कुठल्या तरी उबदार खोलीत पोटभर जेवून बोलतो याबद्दल बाईंना शंका नव्हती. त्यांना तो आवाज आवडत नसे, तो मान वर करून ऐकणारे लोक आवडत नसत, आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं करणारे तर त्याहून आवडत नसत. तसं पाहिलं तर बाईंना फारसं कोणीच आवडत नसे. शाळेत मुलं त्यांना पाठीमागं 'तेजाब' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून त्यांना ते नाव पसंत होतं. तेजाबाला कोणी गालाला लावत नाही. आज मात्र हातावर त्या बाईच्या रडण्याचा ओलावा होता आणि रुमालानं पुसला तरी जात नव्हता. पुसून पुसून कातडी लाल झाली तरी तो आहेच असं वाटत होतं. उपकार! कसले उपकार? मी तुझ्या पोरासाठी काय म्हणून काही करीन? तुझं पोर जगलं काय नि मेलं काय, माझ्या पोटात काय तुटणार आहे? हे सगळं तिच्या तोंडावर ओरडून सांगावं आणि मग ती कशी हसते ते बघावं, असं त्यांना वाटत होतं. चालताना त्यांचे ओठ हलत होते, आणि समोरून येणाऱ्या एका बाईनं पोराला ओढून रस्ता ओलांडला.

कायदा साधा होता. शाळेच्या हजेरीत नाव असेपर्यंत मुलाला कोणी हात लावत नसे. शालान्त परीक्षा पास झाला की तो सैन्याचा; नापास झाला तर पुढच्या परीक्षेपर्यंत शाळेचा. जगात पहिल्यांदाच गाढव असण्याला किंमत आली होती. गाढवांनी आधी तो फायदा घेऊनही पाहिला. मग कोरे पेपर टाकणाऱ्यांची नावं सरकारनं थेट कापायला सुरुवात केली, तेव्हा ते थांबलं. आता मन लावून पेपर सोडवायचा, आणि वर नापास व्हायचं, अशी अवघड कला साधली तरच सुटका. वर्गात एकूण अकरा उरले होते. एकेकाळी त्याच खोलीत चाळीस बसत आणि मागच्या बाकावरचे बाईंना दिसतही नसत. आता सात मुली, चार मुलगे, आणि मध्ये इतकी रिकामी बाकं की बोलताना आवाज घुमे. त्या चारातला एक बाईंचा स्वतःचा होता.

नवरा गेल्यापासून त्यांना जगात तेवढंच होतं, हे त्या कधी कोणाला बोलून दाखवत नसत. मुलालाही नाही. उलट त्यानं आठवीत त्यांच्या शाळेत पाऊल टाकलं त्या दिवशी त्यांनी त्याला प्रयोगशाळेच्या दारात उभं करून सांगितलं होतं, "इथं मी तुझी आई नाही. पुस्तकं वाटली, वह्या वाटल्या, सामान वाटलं, सगळ्यात शेवटी तू घ्यायचं. जे उरेल ते. बाईंचा मुलगा म्हणून पहिलं उचललं असं कोणी म्हणता कामा नये." आठवीत एक-दोनदा डोळे वटारावे लागले. त्यानंतर कधीच नाही. मुलगा रांगेत आपला नंबर आला की बाजूला सरके, मागच्याला पुढं जाऊ देई आणि शेवटी येऊन उरलेलं उचले. तडा गेलेली परीक्षानळी असो की पान फाटलेलं पुस्तक. त्याबद्दल त्याच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही, आणि बाईंनाही मग ते दिसेनासं झालं. रोज चढायच्या जिन्याच्या पायऱ्या कोण बघतं? पायच त्या जाणतात.

आणि खाली जाऊबाई होत्या. एकाच घराच्या दोन मजल्यांवर दोघी जावा, आणि मध्ये लाकडी जिना. जाऊबाईंचे दोघं गेले. धाकटा परत आला नाही, थोरल्याची काही खबर नव्हती. आधी त्या रडत. मग रडायच्या थांबल्या आणि बोलायला लागल्या, ते रडण्यापेक्षा वाईट होतं. बाई शाळेतून आल्या की त्या दाराशी उभ्याच असत. "शिकतोय ना अजून? शिकू दे, शिकू दे," त्या म्हणत. किंवा, "काल उशिरापर्यंत दिवा दिसला वर. हुशार आहे हो. आमचे मेले ढ. बापाच्या वळणावर गेले, पास होऊन मोकळे झाले." एकदा तर त्यांनी मुलालाच अडवून त्याचा खांदा चाचपला. "अरे, केवढा रुंद झालास! शिंप्याला कापड जास्त लागेल तुझ्या गणवेशाला," असं म्हणून त्या हसल्या. मुलगाही भाबडेपणानं हसला आणि "हो ना, ताईआई," म्हणाला. वर जिन्यात उभ्या असलेल्या बाईंना वाटलं, खाली उतरावं आणि त्या हाताची बोटं एकेक करून उचकटावीत. त्या रात्री नव्हे, तर दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मधल्या सुट्टीत, खडूनं फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता त्यांचं ठरलं. ठरताना काही वाटलंही नाही. समीकरण मात्र चुकलं आणि एका मुलीनं ते दाखवून दिलं.

बाकी विषयांचे पेपर बाहेर तपासले जात. हातात होतं ते फक्त रसायनाचं प्रात्यक्षिक. पण त्यात नापास म्हणजे सगळ्यात नापास. बाहेरचे परीक्षक युद्धामुळे येईनासे झाले होते, तेव्हा बाईच परीक्षक, आणि बाईंवर नजर ठेवायला हेडमास्तर. प्रत्येकाला कागदाच्या पुडीत चमचाभर पांढरा क्षार द्यायचा. त्यानं तो पाण्यात विरघळवून, तापवून, वास घेऊन, ज्योतीत धरून ओळखायचा. कुठल्या पुडीत काय, ते बाईंनी आधीच बंद पाकिटात हेडमास्तरांकडे द्यायचं आणि नंतर दोघांनी समोरासमोर बसून ताडून बघायचं. त्यामुळे गुण देताना हात आखडता घ्यायची सोय नव्हती. जे करायचं ते पुडीतच करायला हवं होतं. बाईंनी तिसऱ्या पुडीत एकाऐवजी दोन क्षार घातले. अमोनियम सल्फेट आणि बेरियम क्लोराईड. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात साखरेसारखे विरघळणारे. पण एकत्र करून पाणी घातलं की दूध होतं, आणि त्या दुधाचा साका तळाशी बसतो तो काही केल्या विरघळत नाही. पाकिटात त्यांनी लिहिलं, तिसरी पुडी, अमोनियम सल्फेट. ज्याच्या हाती ती पडेल त्याच्या नाकाला अमोनियाचा वास येईल. पण पाण्यात न विरघळणारा क्षार अमोनियमचा असूच शकत नाही, हा नियम बाईंनी वर्गाला इतक्या वेळा घोकून घेतला होता की तो मुलगा आपल्या नाकावर नाही, नियमावर विश्वास ठेवील. मुलाला त्या ओळखून होत्या. आईनं सांगितलं म्हटल्यावर तो नाकच काय, डोळेही खोटे ठरवील. तो मनापासून प्रयोग करील, मनापासून चुकेल आणि वर्षभर घरात राहील. वर्षात काय काय होऊ शकतं! युद्धं काही जन्माला पुरत नाहीत.

हजेरीत त्याचा नंबर तिसरा होता. मुलं नंबरानं यायची आणि ताटलीतली पुढची पुडी उचलायची. बाईंनी पुड्या ओळीनं मांडल्या. तिसरीची घडी जरा घट्ट. पहिला आला, दुसरा आला. हात धुतल्यावर पुसतात तितक्या सहज मुलगा बाजूला सरकला आणि मागच्याला म्हणाला, "जा तू." मागचा म्हणजे शिवणवालीचा मुलगा, ज्याला वर्ग 'उंट' म्हणे, कारण बसल्यावरही त्याची मान सगळ्यांच्या वर असे. उंटानं हात पुढं केला. बाईंना वाटलं, आपलं काळीज तोंडातून बाहेर पडून त्या ताटलीत पडणार. "थांब!" त्या ओरडल्या. उंट थांबला; हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं; सगळ्या वर्गानं पाहिलं; आणि मुलानं पाहिलं, कौतुकानं, कारण आता आई काहीतरी शिस्तीचं बोलणार हे त्याला माहीत होतं. काय बोलायचं? ती पुडी तुझी नाही? मग कोणाची? का? बाई म्हणाल्या, "हात ओले आहेत तुझे. पुसून घे." उंटानं हात विजारीला पुसले आणि तिसरी पुडी उचलली. मुलगा शेवटी आला. उरलेली पुडी सगळ्यात सोपी होती.

मग जे व्हायचं ते झालं. मुलगा पहिला आला. उंट तेवढा एकटा नापास झाला, त्यानं उत्तर लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं, आणि हेडमास्तर चुकचुकत म्हणाले होते, "बाई, पोरगं प्रामाणिक आहे हो. पण तुमचा नियम म्हणजे नियम." निकालाच्या दिवशी जाऊबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. "पास झाला म्हणे! तोही पहिला!" त्यांनी बाईंचे दोन्ही खांदे धरले आणि किती तरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला. "आता कशा आपण दोघी सारख्या झालो." बाई वर गेल्या, दाराला आतून कडी लावली आणि पलंगावर पालथ्या पडून उशी दातात धरली. स्वतःच्या पोराला स्वतःच्या शिस्तीनं मरायला पाठवणारी बाई दुसरी कोणी असेल का जगात? आठवीत दारात उभं करून शिकवलं नसतं तर? लबाड पोर जन्माला घातलं असतं तर? त्यांना त्या क्षणी मुलाचाच राग आला, त्याच्या सरळपणाचा, त्याच्या "जा तू" म्हणण्याचा. तो बाहेर दार वाजवत होता आणि विचारत होता, "आई, बरं नाही का तुला? चहा करू?"

शाळेच्या फाटकाशी आता लष्करी गाडी उभी होती. सभागृहात खुर्च्या लावण्याचा आवाज चालला होता. निरोपाच्या समारंभाला अधिकारी येणार म्हणून हेडमास्तरांनी कोट घातला होता आणि तो त्यांना पाठीत तंग होत होता. त्यांना चुकवून बाई रॉकेलचा डबा हातात घेऊन प्रयोगशाळेत शिरल्या, तर मुलगा तिथं आधीच होता. खिडकीपाशी उभा राहून तो एक परीक्षानळी उजेडात धरून बघत होता. नळीत दूध होतं.

"आई, बरं झालं आलीस. हे बघ," तो म्हणाला. प्रयोगशाळेत तो त्यांना कधी आई म्हणत नसे. "उंटानं मला सांगितलं, त्याच्या पुडीत पाणी घातल्याबरोबर असं झालं आणि तापवल्यावर अमोनियाचा वास आला. मी म्हटलं, असं होऊच शकत नाही. चार दिवस डोक्यात तेच. मग आत्ता दोन बाटल्यांतलं थोडं थोडं घेऊन बघितलं. हुबेहूब! त्याच्या पुडीत दोन क्षार होते, आई."

बाईंनी डबा खाली ठेवला. "बरं मग?"

"बरं मग काय? चूक झाली तुझी. पुड्या बांधताना चमचा पुसायचा राहिला असेल. होतं कधी कधी." हे तो इतक्या मायेनं म्हणाला की बाईंना ते सहन होईना. "हेडमास्तरांना आत्ता सांगितलंस तर नवी पुडी देऊन अर्ध्या तासात त्याची परीक्षा होईल. तो पास होणार, मला खात्री आहे. मग उद्या तोही आमच्याबरोबर येईल."

"त्याला यायचंय?"

"तोंड लपवून बसलाय तो घरात. त्यांच्या दारावर कोणीतरी खडूनं 'भित्रा' लिहून ठेवलंय. आईनं पुसलं तर पुन्हा लिहिलं. ती खूश आहे म्हणून तो तिच्याशी बोलत नाही." मुलानं नळी स्टँडला लावली. "तू सांग ना. चूक कबूल करायला तूच शिकवलंस मला."

दोन शब्द होते. चूक झाली. बाईंनी ते मनात म्हणून पाहिले आणि त्यांना त्यांची चव आवडली. हे दोन शब्द उच्चारले की हा मुलगा आत्ता, इथं, त्यांच्या गळ्यात पडला असता. 'माझी आई अशी आहे' असं मनाशी धरून गेला असता आणि तिकडे ज्या कुठल्या चिखलात तो पडेल तिथं ते त्याला पुरलं असतं. आणि शिवणवाली! पहिल्या रांगेत येऊन बसली असेल एव्हाना. तिचं ते हसू. आपल्या दोघींचं गुपित असल्यासारखं ते ओलंचिंब हसू. अर्ध्या तासात ते पुसलं गेलं असतं. उद्या फाटकाशी तीही उभी राहिली असती, त्याच तोंडानं, ज्या तोंडानं बाई उभ्या राहणार होत्या आणि जाऊबाई उभ्या राहून आल्या होत्या. बाईंना ते दृश्य इतकं स्पष्ट दिसलं की त्यांना हर्ष झाला. खरोखरचा हर्ष, भुकेल्याला व्हावा तसा. त्या दाराकडे वळल्याही. मग त्यांच्या लक्षात आलं की जाऊबाईंनी खांदे धरले तेव्हा त्यांच्या तोंडावर हाच आनंद होता. अगदी हाच. बाईंना स्वतःची शिसारी आली. पण पाय अडले ते तेवढ्यानं नाही, खरं सांगायचं तर. पाय अडले ते चमच्यामुळे. इतकी वर्षं ही प्रयोगशाळा सांभाळली. एका बाटलीतला चमचा न पुसता दुसऱ्या बाटलीत घालणारी मी? असं समजून हा जाणार? त्यापेक्षा त्यानं मला गुन्हेगार समजावं.

"चमचा पुसलेला होता," बाई म्हणाल्या.

"मग?"

"हजेरीत तिसरा नंबर कोणाचा आहे?"

बाहेर कोणीतरी कर्णा तपासत होतं, एक, दोन, तीन, असा आवाज येत होता. बाईंनी मुलाच्या चेहऱ्यावर ते उमटताना पाहिलं. आधी गोंधळ, मग हिशेब, आणि मग असं काही की त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. त्या वाट बघत राहिल्या. ओरडेल, रडेल, निदान 'का' म्हणून विचारील. त्यानं नळी मोरीत ओतली, ब्रशनं घासून धुतली, उलटी करून स्टँडवर ठेवली आणि हात पुसले. "तू मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं. म्हणून नाही सांगितलंस." मग दाराशी जाऊन, पाठ वळवूनच, त्यानं विचारलं, "आणि त्याच्या आईला?"

"तिला वाटतं, मी तिच्यासाठी केलं."

मुलगा हसला. असं हसणं बाईंनी त्याच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. ते जाऊबाईंच्या हसण्याच्या जातीचं होतं. "मग सांगून टाकतो मी सगळ्यांना," तो म्हणाला, "मला बोलायला उभं करणारच आहेत," आणि गेला.

सभागृहात बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बसायला जागा होती, पण बसवेना. हेडमास्तर बोलले, अधिकारी बोलला. अधिकारी तरुण होता आणि त्याला पडसं झालं होतं. शौर्य म्हणताना तो दर वेळी नाक पुसत होता. तीन मुलगे व्यासपीठावर उभे होते आणि मुली खाली फुलं धरून. पहिल्या रांगेत शिवणवाली मान वळवून वळवून बाईंना शोधत होती. मग हेडमास्तरांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढं ढकललं, "वर्गाच्या वतीनं चार शब्द." तो पुढं आला. त्याची नजर सगळ्या सभागृहावरून फिरली आणि बाईंच्या डोक्यावरच्या भिंतीपाशी थांबली. तो सांगणार. सांगायलाच हवं, खरं बोलायचं, मग कोणाचं घर जळो, हे त्याच्या हाडात त्यांनीच घातलं होतं. उंटाला बोलावून आणतील, नवी पुडी देतील, तो पास होईल. आणि ही समोर बसलेली मूर्ख बाई इथंच कोसळेल. आणि आपल्याला उद्यापासून शाळेत पाय ठेवता येणार नाही. एवढं सगळं दिसत असूनही त्यांच्या मनात एकच धडपड चालली होती, की याच्या आवाजात कंप येऊ नये. "आमच्या वर्गात अकरा जण होते," मुलगा म्हणाला आणि थांबला. कोणीतरी खोकलं. त्याचे डोळे खाली आले, पहिल्या रांगेपर्यंत. शिवणवाली त्याच्याकडे बघून मान डोलवत होती, चांगलं बोल हं बाळा अशा अर्थी, आणि तिच्या मांडीवर उंटाची रिकामी टोपी होती, कारण तो आला नव्हता तरी तिनं ती आणली होती. "शिक्षकांनी आम्हाला जे शिकवलं ते आम्ही विसरणार नाही," मुलगा भराभर म्हणाला. "आभार." टाळ्या पडल्या. तो मागं सरकला आणि बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं वाटलं, की तो खोटं बोलला.

त्या संध्याकाळी घरात दोघं बोलले ते सामानापुरतं. मोजे इथं आहेत, साबण टाकलाय, बरं. सकाळी फाटकाशी गर्दी होती. जाऊबाई चांगले कपडे घालून आल्या होत्या आणि ओळखीच्या सगळ्यांना हा माझा पुतण्या म्हणून सांगत होत्या. शिवणवालीनं तिन्ही मुलांच्या कोटांची बटणं ओढून बघितली, एक सैल निघालं ते तिथंच दातानं दोरा तोडून पक्कं केलं, आणि मग बाईंच्या शेजारी येऊन त्यांना खेटून उभी राहिली, जणू बाईंचं दुःख अर्धं उचलायचा हक्क तिला मिळाला होता. बाईंनी या खेपेस अंग चोरलं नाही. चोरायला जागाच नव्हती. पलीकडे भिंतीला पाठ लावून उंट उभा होता, खिशात हात घालून. त्याच्या शेजारची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. दोस्तांना निरोप द्यायला आला होता, पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता. तो बाईंकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत इतका उघडा, इतका तरुण द्वेष होता की बाईंना त्याच्या वयाचा हेवा वाटावा.

गाडी सुरू झाली तसा मुलगा गर्दीतून बाईंकडे आला. त्या पायांची बोटं आवळून उभ्या राहिल्या. त्यानं वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. लोकांना वाटलं असेल, आईचा निरोप घेतोय. त्याचा श्वास गरम होता आणि लहानपणी तापात यायचा तसा त्याला वास येत होता. "पुढच्या वर्षीही त्याला नापास कर," तो म्हणाला. "ऐकलंस? माझ्या वेळी चुकलीस, तशी चुकू नकोस." बाई काही म्हणायच्या आत तो वळला, गाडीच्या मागच्या फळीवर चढला आणि आत दिसेनासा झाला. फळी वर करून कोणीतरी कडी घातली. जाऊबाई हात हलवत होत्या, शिवणवाली हुंदके देत होती. गाडी कोपऱ्यावर वळली, गर्दी पांगायला लागली. बाई जागच्या हलल्या नाहीत. भिंतीपाशी उंट अजून उभाच होता. बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट, शिकवणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं. पोरगं बुद्धीनं बरं होतं, आणि आता पेटलं होतं. सोमवारपासून तो पहिल्या बाकावर बसणार होता, प्रत्येक नियम पाठ करणार होता, आणि यापुढे बाईंच्या शब्दापेक्षा आपल्या नाकावर विश्वास ठेवणार होता. त्याला नापास करणं फार कठीण जाणार होतं.